घर गहाण, अल्बम बिनकिमतीचा

कीथ आणि मेलडी ग्रीन या अमेरिकन जोडप्याने आपले घर गहाण टाकले आणि त्या पैशातून एक अल्बम काढला. तो ७ मे १९८० रोजी बाहेर आला. त्याला ठरलेली किंमत नव्हती. ज्याला जेवढे जमेल तेवढे त्याने द्यावे, काहीच जमत नसेल तर तसेच मागून घ्यावे. मे १९८२ पर्यंत त्याच्या दोन लाखांहून जास्त प्रती लोकांपर्यंत गेल्या होत्या आणि त्यांतल्या ६१,००० प्रतींसाठी एक पैसाही घेतलेला नव्हता.

हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले त्याला कारण आहे. मी आणि माझा नवरा नगरला चर्चमध्ये गातो. तो कीबोर्ड वाजवतो, मी गाते, गाणी दोघे मिळून बसवतो. आमच्यासारखी आणखी काही जोडपी ओळखीत आहेत आणि स्वतःच्या खर्चाने अल्बम काढायचा विषय निघाला की त्यांतले कुणीतरी हमखास म्हणते, "कीथ ग्रीनने नाही का केला? घर गहाण ठेवून?" वाक्य ऐकायला छान आहे. पण ते एकवचनी आहे, आणि माझी हरकत तिथेच आहे. मुखपृष्ठावर नाव कीथचे आहे, आवाज त्याचा, पियानो त्याचा, हे खरे. काटेकोर बोलायचे तर ही गायक जोडी नव्हती. पण गहाण पडले ते दोघांचे घर होते.

आधी ही माणसे कोण ते सांगते. कीथचा जन्म १९५३ चा, ब्रुकलिनमधला, वाढला कॅलिफोर्नियात. १९६५ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, डेक्का या बड्या रेकॉर्ड कंपनीने त्याच्याशी करार केला. गीतकार-संगीतकारांच्या ‘अ‍ॅस्कॅप’ या संस्थेचा तोवरचा सर्वांत लहान सभासद म्हणून त्याची नोंद झाली. बालतारा होणार होणार म्हणता म्हणता ते राहून गेले. पुढे घर सोडून पळणे, अमली पदार्थ, निरनिराळ्या पंथांचा शोध. मेलडी ज्यू घरातली मुलगी, तिचाही असाच शोध चाललेला. २५ डिसेंबर १९७३ ला त्यांचे लग्न झाले. दोघेही सीबीएस कंपनीसाठी पगारी गीतलेखन करत होते. म्हणजे गाणे हा दोघांचा धंदा होता, आणि तो दोघांनाही कळत होता. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसकडच्या ‘व्हिनयार्ड’ या मंडळीच्या बायबल अभ्यासवर्गात त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला.

त्यानंतर त्यांच्या घरात जे सुरू झाले ते मला अल्बमपेक्षाही महत्त्वाचे वाटते. नशेतून बाहेर पडू पाहणारे, देहविक्रयातून सुटलेल्या बाया, दिवस गेलेल्या एकट्या मुली, असे कुणीही त्यांच्याकडे राहायला येऊ लागले. घर पुरेना, तेव्हा शेजारचे घर विकत घेतले. तेही पुरेना, म्हणून त्याच वस्तीत आणखी पाच घरे भाड्याने घेतली. सात घरांचा हा पसारा, रोज वाढणारी ताटे, रात्री-अपरात्री वाजणारी दारे. हे सगळे म्हणजे काय, ते घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला फोड करून सांगायला नको.

इकडे कीथचे दोन अल्बम ‘स्पॅरो’ या ख्रिस्ती संगीताच्या कंपनीकडून निघाले, पहिला १९७७ मध्ये, दुसरा १९७८ मध्ये. दोन्ही गाजले. खणखणीत पियानो, जोरकस लय आणि मध्येच हळवा होणारा आवाज अशी ती पॉप-रॉक शैली होती. कार्यक्रमांना गर्दी व्हायला लागली. कुठल्याही व्यवस्थापकाने यापुढची पायरी डोळे मिटून सांगितली असती: तिकिटाचा दर वाढवा, तिसरा अल्बम लवकर आणा.

१९७९ साली कीथ कंपनीचे मालक बिली रे हर्न यांच्याकडे गेला आणि करारातून मोकळे करा म्हणाला. कारण असे की यापुढे त्याला कार्यक्रमांना तिकीट लावायचे नव्हते आणि अल्बमला ठरलेली किंमत ठेवायची नव्हती. "तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या" हे बायबलमधल्या मत्तयाच्या दहाव्या अध्यायातले येशूचे वाक्य आपण रविवारी ऐकतो आणि सोमवारी दुकान उघडतो. या दोघांनी ते जमाखर्चाच्या वहीत उतरवले. हर्न यांनी त्याला मोकळे केले. या गोष्टीतला हा माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. सह्या झालेला कागद त्यांच्या हातात होता, गायक विकला जात होता, अडवून धरायला काही हरकत नव्हती. त्यांनी अडवले नाही.

आता पैशाची बाजू. ही नीट समजून घेतल्याशिवाय कुणी आपल्या सातबाऱ्याला हात लावू नये, म्हणून इथे जरा थांबते.

कंपनीकडून अल्बम निघतो तेव्हा स्टुडिओचे भाडे, वादकांचे मानधन, ध्वनिमुद्रणानंतरची कामे, तबकड्यांची छपाई, वेष्टन, हे सगळे पैसे आधी कंपनी घालते. विक्रीतून दुकानदार आपला हिस्सा ठेवतो, कंपनी आपली वसुली करते, आणि मग उरलेल्यातला थोडा भाग गायकाकडे येतो. गायकाला कमी मिळते, पण बुडाले तर बुडते ते कंपनीचे. स्वतः काढलेल्या अल्बमात हे उलटे होते. पहिल्या दिवसापासून पदरचे पैसे. ग्रीन जोडप्याकडे पदरचे म्हणजे घर होते.

यात आणखी एक गोम आहे. ध्वनिमुद्रणाचा खर्च एकदाच होतो, मग प्रती शंभर निघोत की लाख. तबकडी, वेष्टन, खोका, टपालाचे तिकीट हा खर्च मात्र दर प्रतीला नव्याने होतो. आजच्यासारखे तेव्हा गाणे मोबाइलवर पाठवता येत नव्हते. तबकडी किंवा कॅसेट हातात घेऊन खोक्यात भरावी लागायची. म्हणजे फुकट दिलेली प्रत देणाऱ्याला फुकट पडत नाही. अल्बम जितका लोकांना आवडेल, जितकी मागणीपत्रे येतील, तितका खर्च वाढत जाणार. एरवी ज्या यशाने कर्ज फिटते, तेच यश इथे कर्ज वाढवू शकत होते. ६१,००० हा आकडा या नजरेने पाहावा. दर दहा प्रतींपैकी तीन पूर्णपणे पदरमोडीच्या. उरलेल्या सातांनी जे पाठवले त्यातून स्वतःचीही प्रत निघाली पाहिजे, त्या तिघांचीही, आणि स्टुडिओचा खर्चही.

ही व्यवस्था चालली. पण ती नुसत्या श्रद्धेवर चालली असे सांगणाऱ्यांनी अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. कीथचे नाव घराघरात पोचले होते ते आधीच्या दोन अल्बममुळे, आणि त्या दोन्हींत भांडवल कंपनीचे होते. १९७८ पासून हे दोघे ‘लास्ट डेज मिनिस्ट्रीज’ या आपल्या संस्थेमार्फत एक वार्तापत्र काढत होते. आधी अगदी थोड्या लोकांना जाणारे ते पत्र झपाट्याने वाढले. म्हणजे अल्बम तयार झाला तेव्हा तो कुणाला पाठवायचा त्यांचे पत्ते हाताशी होते, दुकानाची गरज नव्हती. आणि १९७९ मध्येच सगळा पसारा कॅलिफोर्नियातून हलवून त्यांनी टेक्सासमध्ये लिंडेल गावाजवळ ४० एकर जागेवर नेला होता. सात घरांतली बरीच मंडळी बरोबर गेली. खोके भरायला, पत्ते चिकटवायला एकत्र राहणारी, एका ताटात जेवणारी माणसे होती. नाव, पत्ते आणि हात, या तिन्ही गोष्टी अल्बमच्या आधी जमलेल्या होत्या. आपल्याकडे बहुतेक जोडप्यांजवळ यांतले एकही नसते आणि गहाण टाकायला घर तेवढे असते. रेडिओहेड या इंग्लिश बँडने २००७ मध्ये ‘हवे ते द्या’ म्हणून अल्बम इंटरनेटवर ठेवला तेव्हा जगभर गाजावाजा झाला. त्यांच्याही पाठीशी मोठ्या कंपनीने वर्षानुवर्षे घडवलेले नाव होतेच.

आता खुद्द अल्बमविषयी. त्याचे नाव ‘सो यू वॉना गो बॅक टू इजिप्त’. बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इस्राएल लोक रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, खाऊन कंटाळतात आणि मागे सोडलेल्या मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवून रडतात, तो प्रसंग शीर्षकगीतात आहे. गाणे विनोदी आहे, मान्नाचे नाना प्रकार करून खाणाऱ्या लोकांची गमतीदार कुरकुर. पण ज्या माणसाने सगळा खर्च उचलणारी कंपनी नुकतीच सोडली आहे, त्याच्या तोंडून ते ऐकताना मला गमतीच्या खालचा धागा दिसतो. कंपनीचा करार म्हणजे मिसरातले कांदे-लसूणच. आठवण येणारच. संगीत-निर्मितीत ड्रमर बिल मॅक्सवेल आधीपासून त्याच्याबरोबर होता, त्यामुळे कंपनी सुटली तरी वाजवण्याचा दर्जा घसरला नाही. घरच्या पैशातला अल्बम म्हणून कच्चा आवाज चालवून घ्या, असे या दोघांनी ऐकणाऱ्याला कुठेही म्हटलेले नाही. आपल्याकडे ही सवलत आपण फार लवकर मागतो.

‘ओ लॉर्ड, यू आर ब्युटिफुल’ हे याच अल्बममधले. आम्ही ते चर्चमध्ये पेटीवर म्हणतो. सूर थोडेच आहेत, चाल हळू आहे, आणि मंडळी दुसऱ्या कडव्यापासून आपोआप गाऊ लागते.

पण ज्या गाण्यापाशी मी दर वेळी अडते ते ‘प्लेज माय हेड टू हेवन’. त्यात हार्मोनिका वाजवली आहे बॉब डिलनने. डिलनही त्या काळात ‘व्हिनयार्ड’च्या वर्गांना जाऊन आला होता आणि ख्रिस्ती गाणी लिहीत होता. इंग्रजीतल्या ‘प्लेज’ या शब्दात शपथही आहे आणि गहाणही. मराठीत मी ते गहाण म्हणूनच ऐकते. गाणारा आधी आपले डोके सुवार्तेसाठी स्वर्गाकडे गहाण ठेवतो. पुढच्या कडव्यात बायको. त्याच्या पुढच्यात मुलगा. बायकोवरचे प्रेम दिवसेंदिवस वाढतेच आहे, पण ज्याने तारले त्याच्यापेक्षा जास्त प्रेम मी तुझ्यावर करणार नाही, हे लग्नातच तिला सांगितले होते, असे तो म्हणतो. सूर रांगडा, ताल जोरदार, त्यावर डिलनची ती खरखरीत हार्मोनिका. ऐकताना अंगावर येते.

मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा नवऱ्याला म्हटले होते, "स्वतःचे डोके ठेव की. बायकोचे ठेवायच्या आधी तिला विचारलेस का?"

हा प्रश्न मला मराठीतूनच सुचला. नगरची ख्रिस्ती बाई लक्ष्मीबाई टिळकांना विसरू शकत नाही. त्यांचे यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्याआधीही हातातला पैसा दारात आलेल्याला देऊन मोकळे व्हायची त्यांची रीत होती. लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत हे सगळे लिहिले आहे, प्रेमाने लिहिले आहे, आणि उद्या चूल कशी पेटणार ही काळजी कुणाच्या वाट्याला येत होती तेही लपवलेले नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले महाकाव्य त्यांच्यामागे पुरे केले तेही त्यांनीच. कीथ-मेलडीचा टिळकांशी काही संबंध नाही, त्यांना हे नाव माहीत असण्याचेही कारण नाही. पण एका घरातला एक जण सर्वस्व देतो म्हणतो तेव्हा त्या सर्वस्वात दुसरा माणूस धरलेला असतो, हे मला लक्ष्मीबाईंनी शिकवले, आणि तेच कान लावून मी हे गाणे ऐकते.

मेलडीच्या बाबतीत मात्र उत्तर मिळते. ती नुसती मागून चालणारी नव्हती. गाणी तिनेही लिहिली, सात घरांचा संसार तिनेही ओढला, संस्थेचे काम तिच्याही हातचे होते. अल्बममध्ये तिच्या नावाने ओळखले जाणारे एक प्रेमगीतही आहे. म्हणून मी या प्रकरणाला ‘एका गायकाचा त्याग’ म्हणत नाही. दोन जाणत्या, धंदा कळणाऱ्या माणसांनी मिळून घेतलेला तो धोका होता, आणि म्हणूनच तो मला पटतो. ज्या घरात एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने सही करायची, तिथे या प्रकरणाचा दाखला देऊ नये.

आमचा अनुभव या मानाने फार लहान आहे, पण एक गोष्ट त्यातून कळली. आम्ही पाच गाण्यांची सीडी केली होती. ग्रीन जोडप्याचे पाहून किंमत ठेवली नाही. उपासनेनंतर चर्चच्या मागच्या दाराशी टेबलावर सीड्या ठेवल्या आणि बाजूला बिस्किटांचा रिकामा डबा, झाकणाला फट पाडलेला. वाटले होते, लोकांना मोकळे वाटेल. झाले उलटेच. माणसे सीडी उचलायची, मागेपुढे करून पाहायची आणि विचारायची, "तरी पण, किती टाकू?" आम्ही म्हणायचो, तुम्हाला वाटेल तेवढे. त्यावर एका काकूंनी सीडी परत ठेवली. म्हणाल्या, "मग नको बाई, कमी पडले तर वाईट दिसेल." पुढच्या रविवारी आम्ही डबा टेबलावरून काढून दाराबाहेरच्या खिडकीत ठेवला, जिथे कोण किती टाकतो ते कुणाला दिसत नव्हते. त्या दिवशी काकूंनी दोन सीड्या नेल्या. किंमत काढून टाकली की ओझे विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जाते. टपालाने मागवणाऱ्याला समोर कुणी पाहत नसते, लिफाफ्यात काय घालायचे ते तो आणि देव ठरवतो. ग्रीन यांच्या पद्धतीत टपालाचा हा वाटा मला डबा हलवल्यावरच समजला.

या माणसांचे सगळेच मला मान्य आहे असे नाही. कीथचा सूर पुष्कळदा फार कडक असे, समोरच्या श्रोत्यांनाही तो फटकारी. ‘कॅथलिक क्रॉनिकल्स’ या नावाच्या पुस्तिका लिहून त्याने रोमन कॅथलिक शिकवणीवर जे हल्ले चढवले, ते वाचून वसईतल्या माझ्या मैत्रिणींना वाईट वाटले आणि मलाही वाटले. अल्बम कुणालाही, कुठल्याही पंथाच्या माणसाला, न विचारता पाठवणारा हात आणि त्या पुस्तिका लिहिणारा हात एकच होता. एक दुसऱ्याने झाकला जात नाही.

पुढचे अल्बम याच वाटेने गेले. दुकानांत कॅसेट ठेवायची वेळ आली तेव्हा एक विकत घेणाऱ्याला दुसरी फुकट मिळे, मित्राला देण्यासाठी. एप्रिल १९८२ मध्ये ‘साँग्ज फॉर द शेफर्ड’ आला.

२८ जुलै १९८२ च्या संध्याकाळी संस्थेच्या जागेतल्या छोट्या धावपट्टीवरून एक सेस्ना ४१४ विमान उडाले आणि लगेच कोसळले. पाहुण्यांना वरून परिसर दाखवायचा होता. विमानात बारा जण होते, ते झेपण्यापलीकडचे वजन होते. कीथ, तीन वर्षांचा जोसाया, दोन वर्षांची बेथनी, पाहुणे कुटुंब, वैमानिक, कुणीही वाचले नाही. कीथ २८ वर्षांचा होता. मेलडी एक वर्षाच्या मुलीला घेऊन घरी थांबली होती आणि तिला पुन्हा दिवस गेले होते. बायको आणि मुलगा गहाण ठेवणारे ते गाणे त्यानंतर मी कसे ऐकावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. नवरा म्हणतो, गाणे आधीचे आहे, त्यावर नंतरचे लादू नकोस. त्याचे बरोबर असेल.

मेलडीने संस्था बंद केली नाही. कीथच्या स्मरणार्थ गावोगावी कार्यक्रम झाले, त्यांत ती उभी राहून बोलली. मार्च १९८३ मध्ये चौथे मूल झाले, मुलगी. १९८९ मध्ये तिने कीथचे चरित्र लिहिले. आज आपण या दोघांविषयी जे सांगतो त्यातले पुष्कळ तिच्या लेखणीतून आलेले आहे. टेक्सासची जागा १९९६ च्या सुमारास दुसऱ्या एका ख्रिस्ती संस्थेकडे गेली.

‘साँग्ज फॉर द शेफर्ड’मध्ये ‘देअर इज अ रिडीमर’ नावाचे गाणे आहे. ते मेलडीने लिहिले. शेवटचे कडवे कीथने जोडल्याचे सांगतात. या दोघांच्या सगळ्या गाण्यांत चर्चमधून सर्वांत जास्त म्हटले जाणारे बहुधा हेच. मागच्या ईस्टरला आम्हीही म्हटले. उपासनेच्या छापील पत्रिकेवर त्याच्याखाली ‘गीत: कीथ ग्रीन’ असे आले होते. आदल्या रात्री पत्रिकांचा गठ्ठा आमच्याकडेच होता. खोडाखोड नको म्हणून नवऱ्याने निळे पेन घेतले आणि कीथच्या नावाआधी जी थोडी मोकळी जागा होती तिथे ‘मेलडी व’ असे लिहीत गेला. मी घड्या घालत होते. ऐंशी पत्रिका होत्या.